गाडीच्या स्क्रीनला फोन जोडायचाय? घाटात उतरायच्या आधी घरीच एवढं करून घ्या

गाडी नवीन आली, हार घातला, नारळ फोडला, शोरूमवाल्या पोराने चावी देताना स्क्रीनवर दोन बोटं फिरवून "सगळं चालतं काका, अँड्रॉइड ऑटो पण आहे" असं सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे गेला. आता गाडी अंगणात उभी आहे, स्क्रीनवर कंपनीचा लोगो दिसतोय आणि फोनचा मॅप काय स्क्रीनवर येत नाही. दर मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी आमच्याकडे कोकणात हाच प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच, म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहून काढू.

सगळ्यात आधी एक सांगतो. हे काम घरी करायचं, गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, फोनला रेंज किंवा वायफाय असताना. पहिल्यांदा जोडताना फोन बरंच काही विचारतो, परवानग्या मागतो, कधी अपडेट उतरवायला घेतो, आणि गाडी धावत असली की बऱ्याच गाड्यांची स्क्रीन पहिलं सेटअप करूच देत नाही. हायवेला लागल्यावर बघू, वाटेत करू म्हणणारे मग परशुराम घाटात एका हातात केबल आणि एका हातात स्टेअरिंग घेऊन बसतात. आपल्याकडे रेंज नेमकी तिथेच जाते जिथे रस्ता विचारायला माणूस पण दिसत नाही.

आधी गाडीत नक्की काय आहे ते बघा

लोक इथेच गोंधळतात. स्क्रीन आहे म्हणजे सगळं आहे असं नसतं. साधारण तीन प्रकार असतात.

पहिला प्रकार, फक्त ब्लूटूथ. गाणी वाजतात, फोन घेता येतो, पण मॅप स्क्रीनवर येत नाही आणि येणारही नाही, कितीही केबल बदला. खालच्या व्हेरियंटमध्ये आणि जुन्या गाड्यांत हे असतं.

दुसरा, ज्यात अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) आणि ॲपल कारप्ले (आयफोनसाठी) असतं, म्हणजे फोनमधलं गाडीच्या स्क्रीनवर दाखवायची सोय. ॲपलने कारप्ले २०१४ मध्ये आणलं, गूगलचं अँड्रॉइड ऑटो लोकांच्या हातात आलं २०१५ मध्ये, त्यामुळे त्याच्या आधीच्या गाडीत कंपनीचं हे असण्याचा प्रश्नच नाही. यात गाडीची स्क्रीन स्वतः काही डोकं चालवत नाही, डोकं फोनचं. मॅप फोनमध्ये, इंटरनेट फोनचं, गाणी फोनमधली, स्क्रीन फक्त दाखवते आणि तुम्ही तिच्यावर बोट लावलं की ते फोनला कळवते. हे एकदा लक्षात आलं की पुढचं निम्मं आपोआप समजतं, कारण गडबड झाली की बघायचं फोनकडे, गाडीकडे नंतर.

तिसरा प्रकार म्हणजे बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ, ज्यात २ जीबी रॅम, ३२ जीबी मेमरी असं काय काय सांगून विकतात. हा स्टिरिओ म्हणजे खरं तर आडवा बसवलेला टॅब. त्याच्यात स्वतःचं अँड्रॉइड असतं, त्याला वेगळं इंटरनेट लागतं, सिम टाका नाहीतर फोनचा हॉटस्पॉट द्या. अँड्रॉइड स्टिरिओ आणि अँड्रॉइड ऑटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानदार एकाच दमात बोलतात म्हणून एक वाटतात. अशा बऱ्याच स्टिरिओत झेड-लिंक नावाचं ॲप असतं, ते उघडलं की मग त्यातून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालू होतं. तुमच्याकडे असा सेट असेल तर पुढे मी जिथे "गाडीच्या स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटोचं चिन्ह दाबा" म्हणेन तिथे तुम्ही ते ॲप उघडा, बाकी सगळं तेच. आणि अजून स्टिरिओ बसवलाच नसेल तर कपलर-टू-कपलर वायरिंग मिळतंय का ते आधी विचारा, म्हणजे गाडीची मूळ वायर कापावी लागत नाही. नवीन गाडीची वायर कापली तर पुढे वॉरंटीच्या वेळी कटकट होऊ शकते.

आपल्या गाडीत काय आहे ते कळायला मॅन्युअल बघा, ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडलेलं असतं. नाहीतर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन फोन किंवा कनेक्टिव्हिटी असं काही दिसतंय का बघा. तिथे अँड्रॉइड ऑटो, कारप्ले ही नावं दिसली की झालं, पण ती चालू पण करून ठेवा, काही गाड्यांत ती बंद असतात.

फोन चालेल का

अँड्रॉइड १० किंवा त्याच्या पुढचा फोन असेल तर अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असतं, वेगळं काही उतरवायचं नाही. त्याचा आयकॉन ॲपच्या यादीत दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं नाहीच आहे. सेटिंग उघडा आणि वरच्या सर्चमध्ये अँड्रॉइड ऑटो टाइप करा, येईल. साधारणपणे कनेक्टेड डिव्हाइसेस मग कनेक्शन प्रेफरन्सेस असा रस्ता असतो, पण प्रत्येक कंपनीने आपली खिचडी वेगळी केलीय, त्यामुळे सर्चच बरा. अँड्रॉइड ९ वाल्यांनी प्ले स्टोअरवरून ॲप घ्यायचं. पूर्वी अँड्रॉइड ऑटो नुसतं फोनच्या स्क्रीनवर पण चालायचं, ते आता बंद झालंय, त्यामुळे जुना व्हिडिओ बघून ते शोधत बसू नका.

आयफोन असेल तर आयफोन ५ पासून पुढचे सगळे कारप्लेला चालतात, म्हणजे तुमचा चालणारच. फक्त सिरी, म्हणजे आयफोनची बोलून चालणारी मदतनीस, चालू पाहिजे. सिरी बंद असेल तर कारप्ले येतच नाही, आणि आपल्याकडे बरेच जण ती पहिल्या दिवशीच बंद करून टाकतात, मग महिनाभर गाडीला शिव्या.

गूगल मॅप्स अपडेट करून घ्या, फोन एकदा बंद करून चालू करा, पुढे चला.

केबल, इथेच घोडं पेंड खातं

दहातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी केबलच्या असतात असं माझं मत झालंय. नुसती चार्जिंगची केबल आणि डेटाची केबल दिसायला सारखीच. चार्जिंगवाल्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली, असं अजिबात नाही. ओळखायचं कसं, तर ती केबल लॅपटॉपला लावा आणि फोनमधले फोटो लॅपटॉपवर दिसतात का बघा. दिसले तर डेटा जातोय. लॅपटॉप नसेल तर फोनबरोबर बॉक्समध्ये आलेली केबल वापरून बघा, ती बहुतेक वेळा बरोबर असते.

पण बॉक्सवाल्या केबलची आता नवीन पंचाईत आहे. आजकाल दोन्ही बाजूंना सी-टाइप असते आणि गाडीत मात्र जुनं चौकोनी यूएसबी. मग लोक बाजारातून वीस रुपयांचं कन्व्हर्टर लावतात आणि स्क्रीन खड्ड्याखड्ड्याला बंद पडते. कन्व्हर्टर नको. सरळ एका बाजूला चौकोनी, दुसऱ्या बाजूला सी-टाइप अशी चांगल्या कंपनीची डेटा केबल घ्या, आणि लांबी एक मीटरच्या आतली. गूगल स्वतः पण तीन फुटांच्या आतली केबल वापरा असंच सांगतं. मागच्या सीटपर्यंत पोचेल अशी लांबलचक केबल गाणी ऐकायला बरी वाटते, पण मॅपसाठी त्रास देते. आयफोन १४ पर्यंतच्या फोनना लाइटनिंग केबल लागते, २०२३ च्या आयफोन १५ पासून सी-टाइप आलं, त्यामुळे घरात दोन आयफोन असले तरी एकच केबल दोघांना चालेल असं धरून चालू नका.

केबलबरोबर पोर्ट पण बघा. गाडीत दोन-तीन पोर्ट असले तरी डेटाचा एखादाच असतो, बहुतेक पुढचा, त्याच्यावर फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असतं. मागच्या सीटचे पोर्ट बहुधा फक्त चार्जिंगचे. आणि ते सिगारेट लायटरच्या भोकात बसवलेलं चार्जर, त्याच्यातून डेटा कधीच जात नाही, तिथे लावून वाट बघत बसू नका.

आता जोडा, अँड्रॉइडवाले

गाडी चालू करा किंवा इग्निशन ऑन करा, स्क्रीन पूर्ण चालू होऊ दे, घाई नको. फोनचं लॉक उघडा. लॉक असलेला फोन जोडून स्क्रीन येत नाही म्हणणारे खूप आहेत. फोनवर ब्लूटूथ चालू ठेवा, कारण केबल असली तरी फोनकॉल ब्लूटूथवरूनच जातात, ते तो स्वतःच जोडून घेतो.

मग केबल लावा. फोनवर एकेक प्रश्न यायला लागतील, लोकेशन, कॉन्टॅक्ट, फोन, मेसेज, नोटिफिकेशन. लोक घाबरून नाही-नाही दाबत जातात आणि मग काम अडतं. लोकेशन आणि फोन द्याच, नोटिफिकेशन दिलं नाही तर व्हॉट्सॲपचे मेसेज वाचून दाखवणार नाही, ते तुम्हाला नको असेल तर ठीक आहे. शेवटी गाडीच्या स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटोचं चिन्ह येईल, ते दाबा. आलं.

काहीच विचारलं नाही आणि नुसतं चार्जिंग सुरू झालं तर फोनवर वरून पडदा खाली ओढा, तिथे यूएसबीचं एक नोटिफिकेशन असतं, ते उघडून "फाइल ट्रान्सफर / अँड्रॉइड ऑटो" असं निवडा. तो पर्यायच दिसत नसेल तर परत केबलकडे या, वर लिहिलंय.

अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये फोन लॉक असतानाही सुरू होऊ द्या असा पर्याय असतो, तो चालू करा म्हणजे पुढच्या वेळेपासून लॉक उघडायची गरज नाही.

आयफोनवाले

तुमचं सोपं आहे, उगाच लांबवत नाही. केबल लावा, लॉक उघडा, कारप्ले चालू करायचं का विचारेल, हो म्हणा. लॉक असताना चालू दे का विचारेल, त्यालाही हो. नाही आलं तर सेटिंग मग जनरल मग कारप्ले, तिथे गाडीचं नाव दिसतंय का बघा. तिथे कारप्लेच दिसत नसेल तर स्क्रीन टाइममध्ये निर्बंध लावलेत का ते तपासा. पोरांसाठी म्हणून लावलेल्या निर्बंधात कारप्ले पण बंद होऊन बसतं.

वायरलेस पाहिजेच का?

सगळ्यांना वायरलेस पाहिजे. माझं मत विचाराल तर आधी पंधरा दिवस केबलने चालवा, सगळं व्यवस्थित चाललं की मग वायरलेसच्या नादाला लागा. कारण केबलने चालतंय हे माहीत असलं की वायरलेस बिघडल्यावर नेमकं काय बिघडलं ते कळतं, नाहीतर वड्याचं तेल वांग्यावर.

वायरलेसमध्ये ब्लूटूथ फक्त ओळख करून द्यायला असतं, खरा मॅप आणि आवाज वायफायवरून जातो, गाडी स्वतःचं वायफाय तयार करते. म्हणून फोनचं वायफाय चालू पाहिजे, बॅटरी वाचवायला बंद केलंत तर वायरलेस येणार नाही. अँड्रॉइडला ११ किंवा पुढचं व्हर्जन आणि ५ गिगाहर्ट्झ वायफाय चालणारा फोन लागतो, काही सॅमसंग आणि गूगलच्या फोनना त्याच्या आधीच्या व्हर्जनवर पण चालतं. जोडायचं असं, गाडीच्या स्क्रीनवर ब्लूटूथमध्ये नवीन फोन जोडा, फोनवर ब्लूटूथच्या यादीत गाडीचं नाव निवडा, दोन्हीकडे तोच आकडा दिसतोय का बघून हो म्हणा, मग अँड्रॉइड ऑटो वापरायचं का असं येईल. आयफोनला स्टेअरिंगवरचं व्हॉइसचं बटन दाबून धरलं तरी जोडणी सुरू होते.

मागे बसलेल्या पोरांना कार्टून बघायला हॉटस्पॉट दिलात तर बऱ्याच फोनांत वायरलेस जोडणी तुटते, कारण फोनचं वायफाय एकाच वेळी दोन कामं नीट करत नाही. त्यांचं कार्टून घरी डाउनलोड करून द्या नाहीतर तुम्ही केबलवर या.

दुसरं म्हणजे तापमान. मे महिन्यात बंद गाडी तासभर उन्हात उभी असली की आत काय भट्टी होते ते सांगायला नको, त्यात वायरलेस मॅप, वर वायरलेस चार्जिंग आणि फोन डॅशबोर्डवर काचेखाली, फोन तापून स्वतःच चार्जिंग थांबवतो, कधी स्क्रीनचा उजेड कमी करतो. मुंबईहून सावंतवाडीपर्यंत यायचं असेल तर केबलच लावा आणि फोन खालच्या खणात, एसीची हवा लागेल असा ठेवा.

गाडीत केबलवालं आहे पण वायरलेस नाही, अशांसाठी छोटा डोंगल मिळतो, यूएसबीत लावायचा आणि फोन त्याला जोडायचा. चालतो. पण ज्या गाडीत मुळात अँड्रॉइड ऑटो नाहीच तिथे डोंगल काही करू शकत नाही, हे विकत घ्यायच्या आधी समजून घ्या. आणि यूट्यूब चालतं म्हणून वेगळे डोंगल विकतात, त्यांच्या नादी लागू नका. आंबा घाटात समोर एसटी आणि बाजूला सिनेमा, कशाला.

कोकणातला खरा विषय, ऑफलाइन मॅप

स्क्रीनवर मॅप आला म्हणून काम झालं असं समजू नका, आपल्याकडे खरं काम इथून सुरू होतं. जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला रेंज लागत नाही. पण मॅपचं चित्र आणि रस्ता शोधणं हे इंटरनेटवरून येतं. म्हणून रेंज गेली की निळा ठिपका फिरतो आणि खाली नुसता करडा कागद. यावर उपाय एकच, मॅप आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

गूगल मॅप्स उघडा, वर उजवीकडे तुमचा फोटो असतो तो दाबा, ऑफलाइन मॅप्समध्ये जा, स्वतःचा मॅप निवडा असा पर्याय येतो. एक चौकोन दिसेल, तो बोटांनी मोठा-लहान करून जागेवर आणा आणि डाउनलोड. घरच्या वायफायवर करा, काहीशे एमबी जातात. कोकण आहे लांबट आणि चौकोन आहे चौकोनी, त्यामुळे एका चौकोनात सगळं कोंबायच्या भानगडीत पडू नका. पेण ते चिपळूण एक, चिपळूण ते राजापूर एक, राजापूर ते बांदा एक असे तुकडे करा. आणि हे कोणी करत नाही ते करा, घाटावरचा भाग पण घ्या, कराड, कोल्हापूर, गगनबावडा, आजरा. कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली यातला कुठलाही घाट चढायचा-उतरायचा झाला तर रेंज बरोबर वळणांवर जाते आणि तुमचा चौकोन घाटाच्या पायथ्याशी संपलेला असतो.

उतरवलेला मॅप वर्षभर टिकतो, तेवढ्यात अपडेट झाला नाही तर जातो. सेटिंगमध्ये आपोआप अपडेट चालू ठेवा. आयफोनवर ॲपलच्या मॅपमध्ये पण २०२३ च्या आयओएस १७ पासून ऑफलाइन मिळतं, पण वाड्यावस्त्यांसाठी मला गूगलच बरा वाटतो.

ऑफलाइनवर काय मिळत नाही ते पण ऐका. ट्रॅफिक दिसत नाही, दुसरे पर्यायी रस्ते दाखवत नाही. म्हणजे गणपतीच्या आदल्या रात्री माणगावात दोन तास अडकणार हे तो सांगणार नाही, ते रेंज असताना बघून घ्यायचं. आणि बोगद्यात जीपीएस पण नाही. कशेडीच्या बोगद्यात शिरलात की ठिपका गोंधळतो, कधी जुन्या घाटरस्त्यावर उडी मारतो, घाबरू नका, बाहेर पडल्यावर थोड्या वेळात जागेवर येतो.

दुसरी अडचण नावांची. आपल्याकडे घराला नंबर नसतो, रस्त्याला नाव नसतं, पत्ता म्हणजे अमक्याची वाडी, वडाच्या पुढे डावीकडे. व्हॉइसने गावाचं नाव सांगितलं तर तो भलत्याच जिल्ह्यातलं तसंच गाव काढतो, एकाच नावाची गावं इकडे ढिगाने आहेत. त्यापेक्षा निघायच्या आधी यजमानांकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा, ते गूगल मॅप्समध्ये उघडून सेव्ह करा आणि स्वतःला कळेल असं लेबल द्या, मामाचं घर, देवीचं देऊळ, जे काय असेल ते. त्याच अकाउंटने फोन जोडला की गाडीच्या स्क्रीनवर सेव्ह केलेल्या जागांत ते दिसतं. यजमानांना मात्र सांगा की घराच्या दारात उभं राहून करंट लोकेशन पाठवा, घरातल्या कोपऱ्यातून पाठवलेला पिन कधीकधी शेजारच्या बागेत पडतो.

तिसरं, मॅप सांगतो तसं सरळ जाऊ नका. पाखाडी, जिथे जांभ्याच्या पायऱ्या आहेत, ती पण कधीकधी मॅपवर रस्ता म्हणून दिसते. जवळचा रस्ता म्हणून तो तुम्हाला आंब्याच्या बागेतून दोन मीटर रुंदीच्या उतारावर नेईल, समोरून रिक्षा आली की मागे घेता घेता घाम फुटेल. रस्ता अचानक अरुंद झाला की थांबा आणि माणसाला विचारा.

आणि फेरीबोट. दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वेशवी ते बागमांडला, दिघी ते आगरदांडा, इथे गाडी बोटीत घालून खाडी ओलांडता येते. दापोलीहून गुहागरला जायला दाभोळची बोट मिळाली तर मोठा वळसा वाचतो आणि मजा पण येते. मॅप हे रस्ते दाखवतो, पण बोट रात्रभर चालत नाही आणि पावसाळ्यात वाऱ्यापाण्यावर असते, हे त्याला प्रत्येक वेळी माहीत असेलच असं नाही. रात्री उशिरा प्रवास असेल तर मॅपच्या पर्यायांत फेरी टाळा हे चालू करून ठेवा, नाहीतर अकरा वाजता जेट्टीवर पोचाल आणि समोर नुसतं पाणी. दिवसा जायचं असेल तर बंद करून ठेवा, म्हणजे बोटीचा रस्ता पण दिसेल.

आवाज

मॅपवाली बाई ऐकूच येत नाही ही तक्रार फार. गाण्याचा आवाज आणि मॅपचा आवाज बहुतेक गाड्यांत वेगवेगळा असतो. ती बोलत असताना आवाजाचं बटन फिरवा, तेव्हा तिचाच आवाज वाढतो. गाणं चालू असताना फिरवलंत तर गाणंच वाढणार. बोलतच नसेल तर मॅपच्या स्क्रीनवर स्पीकरचं चिन्ह म्यूट झालंय का बघा.

खारी हवा आणि पाऊस

हे मैदानातल्या मार्गदर्शकात कोणी लिहीत नाही. समुद्राजवळ घर असेल तर पोर्टच्या पिनांवर हिरवट थर येतो, केबल लावली की कधी जोडते कधी नाही. त्यात लाल माती आणि खिशातला कापूस फोनच्या पोर्टमध्ये दाबून बसतो, केबल पूर्ण आत जातच नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच कोरून काढा, पिन, सुई असलं धातूचं काही घालू नका. गाडीच्या पोर्टला इलेक्ट्रिकलचा काँटॅक्ट क्लीनर मिळतो, तो गाडी बंद असताना अगदी थोडा मारा आणि सुकू द्या. खोबरेल तेल नको, हसू नका, लावणारे आहेत.

पावसात फोन भिजला की सॅमसंगवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं, आयफोनवर द्रव आढळला असा इशारा येतो, आणि केबल लावली तरी फोन ऐकत नाही. गाडी बिघडली असं वाटतं, पण तो फोन स्वतःला वाचवत असतो. केबल काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा, आणि हवेशीर जागी किमान अर्धा तास ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, ॲपलने स्वतःच तसं करू नका म्हणून सांगितलंय, तांदळाचे बारीक कण आत जाऊन उलट नुकसान होतं. ड्रायर पण नको. तेवढ्या वेळात निघायचंच असेल तर वायरलेस असलेल्यांनी वायरलेसवर जा, बाकीच्यांनी फोन स्टँडवर लावून मॅप बघा. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघायला आणि लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनेच वापरता येतो. हातात धरून बोलत चालवलंत तर दंड आहेच.

तरी पण होत नसेल तर

या क्रमाने करा, उगाच सगळं एकदम नको. दुसरी केबल. दुसरा पोर्ट. फोन बंद-चालू. गाडीची स्क्रीन बंद-चालू, त्यासाठी बऱ्याच गाड्यांत पॉवरचं बटन पाच-दहा सेकंद दाबून धरावं लागतं. मग गाडीतून फोनचं नाव काढा, फोनमधून गाडीचं नाव काढा, दोन्हीकडून काढणं महत्त्वाचं आहे, एकाच बाजूने काढलं तर जुनी ओळख अर्धवट राहते, आणि पहिल्यापासून जोडा. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये आधी जोडलेल्या गाड्यांची यादी असते, तिथूनही विसरायला सांगता येतं.

शाओमी, व्हिवो, ओप्पो, रिअलमी वाल्यांसाठी वेगळं. हे फोन बॅटरी वाचवायला मागचे ॲप बंद करून टाकतात, त्यात अँड्रॉइड ऑटोचा पण बळी जातो आणि अर्ध्या तासाने स्क्रीन अचानक जाते. अँड्रॉइड ऑटो, गूगल आणि मॅप्स या तिघांची बॅटरीची बंधनं काढा, ऑटोस्टार्ट चालू करा.

यानंतरही नाही झालं तर दुसऱ्या कोणाचा फोन लावून बघा. त्याचा चालला तर दोष तुमच्या फोनचा, त्याचाही नाही चालला तर सर्व्हिस सेंटरला जाताना स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट आहे का ते विचारा, ते पेनड्राइव्हने किंवा इंटरनेटवरून करतात.

एका गाडीला चार फोन

घरात बाबांचा, मुलाचा, सुनेचा फोन, सगळे जोडलेले असले की गाडी चालू झाल्यावर जो आधी सापडेल त्याला पकडते. मुलगा ओटीवर बसलेला असतो आणि त्याचा फोन गाडीला जोडला जातो, त्याच्या बायकोचा कॉल गाडीच्या स्पीकरवर. गाडीच्या ब्लूटूथमध्ये प्राधान्याचा फोन निवडता येतो, जो जास्त चालवतो त्याचा ठेवा.

गाडी पर्यटकांना भाड्याने देत असाल, ड्रायव्हरला देत असाल किंवा विकत असाल तर मात्र स्क्रीनमधून सगळे फोन काढून टाका, कारण ब्लूटूथने जोडलं की बऱ्याच गाड्या कॉन्टॅक्ट आणि कॉलची यादी स्वतःकडे ठेवतात. विकताना सेटिंगमध्ये फॅक्टरी रिसेट मारा, म्हणजे स्क्रीनमधलं तुमचं सगळं पुसलं जातं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी पण पहिलं काम हेच करायचं, आधीच्या मालकाचा फोन यादीत असला तर तो काढून मग आपला जोडा.